दारातली ट्यूबलाइट वाकडी दिसली म्हणून

काल रात्री साडेदहाला तुझा फोन आला तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. तुझा आवाज ऐकून माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं गाडी कुठे ठोकली की काय. मग कळलं, गाडी धड आहे, तूही धड आहेस. फक्त पार्किंगमधली ट्यूबलाइट नव्या गाडीच्या दारात सरळ दिसण्याऐवजी थरथरल्यासारखी दिसते आहे. त्यात ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की दारावरचं हे संत्र्याच्या सालीसारखं रूप म्हणजे गाडी परत रंगवलेली आहे, तुला फसवलंय. अगं, स्वतःच्या पगारावर कर्ज काढून घेतलेली पहिली गाडी. जीव खालीवर होणारच. पण आता जरा बस, पाणी पी आणि माझं ऐक.

खरं सांगू का, तुझ्या दारावर जे दिसतंय ते कमीअधिक प्रमाणात बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांवर असतं. रंगकामातली माणसं त्याला सरळ ‘ऑरेंज पील’ म्हणतात. नागपुरी संत्रं उजेडात तिरपं धरून बघ. लांबून साल गुळगुळीत वाटते, जवळ आणलं की बारीक खळगे दिसतात. गाडीचा रंगही तसाच. हात फिरवला तर काही लागत नाही, पण सरळ रेघेचं प्रतिबिंब पडलं की ती रेघ वाकडीतिकडी होते.

हे होतं कसं, ते तुला स्वयंपाकघरातूनच सांगते. डोशाचं पीठ घट्ट असलं किंवा तवा फार तापलेला असला, की पीठ पसरायच्या आतच आळतं आणि वर गुठळ्यांचे उंचवटे तसेच राहतात. रंगाचंही तेच. कारखान्यात रंग फवारतात तो बारीक थेंबांनी. प्रत्येक थेंबाने शेजारच्या थेंबात मिसळून सपाट व्हायचं असतं. पण त्यातलं पातळ करणारं द्रव उडून जातं, रंग दाटतो, आणि थेंब पुरते पसरायच्या आत जागच्या जागी थिजतात. मग पुन्हा पातळ का नाही करत, असं तू विचारशील. अगं, दार उभं असतं ना! पातळ आणि जाड थर दिला की रंगाला ओघळ येतो, आणि ओघळ हा सालीपेक्षा कितीतरी वाईट दोष. म्हणून उभ्या दारांवर हात आखडता ठेवतात. आता खाली जाऊन बघ, तुझ्या बॉनेटवर आणि टपावर साल कमी दिसेल, दारांवर जास्त. एकाच गाडीवर असा फरक दिसला म्हणून घाबरू नकोस.

माझा मावसभाऊ चाकणला एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये आहे. त्याने मला एकदा सगळं बैजवार समजावलं होतं. कोरी बॉडी आधी धुऊन फॉस्फेटच्या प्रक्रियेतून काढतात, मग अख्खी रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने गंज रोखणारा थर पत्र्यावर बसवतात. त्यावर बहुतेक ठिकाणी प्रायमर, मग दिसणारा रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. तो साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजून पक्का करतात. चिरोट्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे, पण एवढे सगळे थर मिळून जाडी किती, माहीत आहे? साधारण १०० ते १४० मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद घे, जेमतेम तेवढी किंवा किंचित जास्त. त्यातला क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे त्या कागदाच्या निम्म्याहूनही कमी! हा आकडा नीट लक्षात ठेव, पुढे मला त्याच्यावरच बोलायचंय.

आणि हो, साल किती आहे हे कारखान्यात नुसत्या डोळ्यांनी ठरवत नाहीत. बॉडीवर फिरवायचं एक छोटं यंत्र असतं, ते लांब लाटा आणि बारीक लाटा वेगवेगळ्या मोजतं. त्या ठरवलेल्या मर्यादेत बसल्या की गाडी पुढे जाते. अगदी आरशासारखा सपाट रंग रोज शेकडो गाड्यांवर काढणं परवडत नाही, हे कारखान्याला ठाऊक असतं. तू तर गडद निळा घेतलास. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीत ही साल लपते, गडद रंगात उठून दिसते. शेजारच्या पांढऱ्या गाडीशी तुलना करून रडू नकोस, तिच्यातही असणार.

आता तुझ्या मनातला खरा प्रश्न: गाडी परत रंगवलेली नाही ना? बघ, हा प्रश्न चुकीचा नाही. वाहतुकीत एखाद्या गाडीला घासलं जातं आणि ते गुपचूप रंगवून दिलं जातं, असं घडतं. पण ते ओळखायचं असेल तर साल आहे की नाही हे बघून काही कळणार नाही. दोन्ही बाजू एकसारख्या आहेत का, ते बघायचं. डावं पुढचं दार आणि उजवं पुढचं दार यांच्यात एकाच ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघ. दोन्हीकडे सारखीच थरथर असेल तर तो कारखान्याचाच हात. चारांपैकी एकच दार एकदम काचेसारखं गुळगुळीत, किंवा एकच दार जाड्याभरड्या सालीचं, तर मात्र मान वर कर. मग दार उघड आणि रबराच्या बीडिंगची कड जरा बाजूला करून नख फिरव. चिकटपट्टी लावून रंग मारला असेल तर तिथे पायरीसारखी धार लागते, कधी रबरावरच रंगाचा धुरळा बसलेला असतो. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघ, त्यांच्या रंगावर पान्याच्या खुणा आहेत का. बंपर मात्र यातून वगळ. तो प्लॅस्टिकचा, वेगळा रंगवून कमी तापमानात सुकवलेला, त्यामुळे त्याची साल आणि कधीकधी छटाही थोडी वेगळी असते. बंपर आणि फेंडर शेजारी ठेवून घाबरलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्यात.

एवढं करूनही मन शांत झालं नाही तर पेंट मीटर असलेल्या माणसाकडे ने. पत्र्यावर टेकवलं की मीटर जाडी सांगतं. सगळीकडे शंभर-सव्वाशेच्या आसपास, वीसतीसच्या फरकाने आकडे आले तर निश्चिंत राहा. एका दारावर दोनशे-अडीचशे आलं तर ते परत रंगवलेलं असण्याची दाट शक्यता. आणि पाचशे-हजार आलं तर आत लांबी भरलेली आहे. तसं निघालं तर फोटो काढ, आकड्यांची नोंद कर आणि शोरूमला लेखी विचार, तोंडी नको. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा तुझ्यामागे आहे. पण तुझं वर्णन ऐकून मला वाटतं, एवढी वेळ येणार नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, त्या गोष्टीवर येते. तो पॉलिशवाला तुला म्हणाला ना, १५ हजारांत साल घालवून गाडी आरसा करून देतो म्हणून? अगं बाई, थांब! साल घालवायची म्हणजे काय करतात, ऐक. १५००, २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून क्लिअर कोट घासतात, उंचवटे खळग्यांच्या पातळीला येईपर्यंत. मग कंपाउंड लावून मशीन फिरवतात. चकाकी येते, खोटं नाही. पण ती येते त्या ४० मायक्रॉनमधून. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यं त्याच थरात असतात. तुझ्या गाडीची छत्री तीच, आणि तू पैसे देऊन ती विरळ करून घेणार!

मी हे केलंय, म्हणून इतकं पोटतिडकीने सांगते आहे. आमची आधीची काळी गाडी. नणंदेचं लग्न होतं, वऱ्हाडात गाडी उठून दिसावी म्हणून मी हट्टाने ती घासून घेतली. कुणी आधी जाडी मोजली नाही, मीही विचारलं नाही. घरी आणल्यावर बॉनेटच्या उंचवट्याची कड बघितली तर तिथे नखाएवढा पांढुरका पट्टा. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो, मशीनने तिथे काळा थर पार करून प्रायमरला हात घातला होता. लग्नात कुणाला दिसला नाही. पण तिसऱ्या उन्हाळ्यात टपावर पांढरे चट्टे आले, आणि मग उन्हाने भाजलेल्या पाठीची कातडी निघावी तशी क्लिअर कोटची पापडी सुटायला लागली. टप आणि बॉनेट दोन्ही रंगवून घ्यावं लागलं. गॅरेजमध्ये गाडी १४० अंशांवर भाजता येत नाही, आत वायरी असतात, प्लॅस्टिक असतं. साठ-सत्तर अंशांवर वाळवतात. रंग बरा आला, पण कारखान्याचा गेला तो गेलाच. मला ती चुटपुट अजून आहे.

सिरॅमिक कोटिंग आणि पीपीएफबद्दलही विचारलं होतंस. कोटिंगने चकाकी वाढते, पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं. साल तिथेच राहते. पीपीएफ म्हणजे पारदर्शक फिल्म, तिची स्वतःचीच थोडी साल असते. दगडगोट्यांपासून वाचवायला चांगली, पण सालीवर उपाय म्हणून घेऊ नकोस. दोन्हीची घाई नाही, पहिले दोन हप्ते जाऊ देत.

त्यापेक्षा उद्यापासून एक कर. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे दादा एकाच बादलीत एकच फडकं बुडवून वीस गाड्या पुसतात. त्यांचे पैसे चालू ठेव, पण तुझ्या गाडीवरून ते फडकं फिरवू नका म्हणून सांग. त्या धुळीने गोल गोल ओरखडे पडतात, आणि ते सालीपेक्षा लवकर नजरेत भरतात. आठवड्यातून एकदा सावलीत आधी भरपूर पाणी ओत, मग शाम्पू, मग मऊ मायक्रोफायबर. पक्ष्यांची घाण दिसली तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढ, खरवडू नकोस.

पॉलिशवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांग. भिडेखातर हो म्हणू नकोस, तुला ती सवय आहे. आणि रविवारी सकाळी आठच्या आत गाडी घेऊन माझ्याकडे ये, ऊन तिरपं असतं तेव्हा. मावसभावाकडून मीटर मागवून ठेवते, दोघी मिळून चारही दारं मोजू. डबा आणू नकोस, मी घावनं करणार आहे.