मृतांचे स्मरण : एका विद्यार्थ्याचे चिंतन



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबरला आपण कबरस्तानात जातो, कबरी साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. आपल्या आई-वडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी प्रार्थना करणे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण ज्यांना अचानक अपघाती मरण आले, जे आपल्या ओळखीचे नव्हते, आपल्या धर्माचेही नव्हते, त्यांचे स्मरण ख्रिस्ती माणसाने कसे करावे? त्यांच्यासाठी होणाऱ्या प्रार्थनेला आपण जावे काय? बारामतीत शिकत असताना हे प्रश्न मला वारंवार पडले. पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांच्या आधारे त्यांचा थोडा अभ्यास येथे मांडत आहे.

१. उजनीच्या पाण्यातली घटना

इंदापूर तालुक्यातील कळाशी आणि करमाळा तालुक्यातील कुगाव ही गावे उजनी धरणाच्या जलाशयाच्या दोन काठांवर आहेत. भीमा नदीवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. पाण्याखाली गावे, शेते, देवळे गेली. पळसदेवचे जुने देऊळ आजही पाणी खूप उतरले की वर दिसते आणि लोक दर्शनाला जातात. पाणी आले तसे शेजारच्या गावांमधले अंतरही वाढले. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडीने ये-जा करू लागले.

२१ मे २०२४, मंगळवार. संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आले. बाकीचे सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आणि गावकरी त्यानंतर पाण्यात शोध घेत राहिले आणि घरची माणसे काठावर वाट पाहत राहिली.

आमच्या वर्गात इंदापूर तालुक्यातली बरीच मुले-मुली आहेत. त्यांच्यासाठी ही वर्तमानपत्रातली बातमी नव्हती. त्यांचे मामा, चुलते, आत्या अशाच होडीतून जात-येत असतात. सुट्टीनंतर ती मुले परत आली तेव्हा कितीतरी दिवस हाच विषय निघत असे.

२. दोष कोणाचा?

अशी घटना घडली की आपल्या तोंडून काही वाक्ये सहज निघतात. ‘त्यांचं नशीबच तसं होतं.’ ‘मागचं काहीतरी पाप असेल.’ ‘देवाची मर्जी, दुसरं काय.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण ऐकणाऱ्याच्या काळजाला घरे पडतात.

हाच प्रश्न प्रभू येशूच्या काळातही होता. लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती, असे मानण्यास प्रभू येशू स्पष्ट नकार देतो. उलट ऐकणाऱ्यांनाच तो स्वतःच्या जीवनाकडे पाहायला सांगतो. योहानच्या नवव्या अध्यायातही जन्मांध माणसाच्या बाबतीत, पाप याचे की याच्या आईबापांचे, हा शिष्यांचा प्रश्न प्रभू मान्य करीत नाही.

ईयोबाच्या पुस्तकात ईयोबाचे तीन मित्र सांत्वनाला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. तोपर्यंत त्यांचे सारे योग्य असते. त्यानंतर ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागतात आणि तिथेच चुकतात. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. लाजारच्या कबरेकडे जाताना तर स्वतः प्रभू येशू रडला. तो त्याला उठवणार होता, तरीही रडला. म्हणून शोकघरी गेल्यावर आपण आधी बसावे, डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे आणि कारणे सांगू नयेत.

३. ख्रिस्तसभा मृतांचे स्मरण का करते?

मृतांसाठी प्रार्थना करण्याची परंपरा जुनी आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी सुमारे दोन हजार रुप्याची नाणी गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. ते सैनिक निर्दोष नव्हते. तरीही त्यांच्यासाठी प्रार्थना केली जाते, कारण त्याला पुनरुत्थानाची आशा असते.

क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओडिलो यांनी इ. स. ९९८ च्या सुमारास आपल्या मठांत २ नोव्हेंबर हा सर्व मृत भक्तांच्या स्मरणाचा दिवस ठरवला. तो पुढे सगळ्या पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत रूढ झाला. पहिल्या महायुद्धात असंख्य माणसे मारली गेली तेव्हा, १९१५ साली, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. मोठ्या संकटाच्या वेळी ख्रिस्तसभेने स्मरण कमी केले नाही, वाढवले.

आता प्रश्न इतर धर्मीयांचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिकवले की ख्रिस्त सर्वांसाठी मेला, आणि देवालाच ठाऊक असलेल्या मार्गाने पवित्र आत्मा प्रत्येकाला त्याच्या मरण-पुनरुत्थानाच्या रहस्यात सहभागी होण्याची संधी देतो. मिस्सामधील चौथ्या कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनेत तर ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच माहीत आहे, अशा सर्व मृतांचे स्मरण केले जाते. म्हणजे उजनीत बुडालेल्यांसाठी आपण वेदीसमोर प्रार्थना करतो तेव्हा ख्रिस्तसभा जे सदैव करीत आली तेच करतो.

कोरोनाचा काळ आठवा. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या रिकाम्या चौकात पावसात उभे राहून जगासाठी प्रार्थना केली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती-इंदापूरच्या रस्त्याने पायी गेली नाही, पादुका एस. टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. त्या दिवसांत कितीतरी माणसांना चार खांदेकरीही मिळाले नाहीत. दहावा झाला नाही, मिस्सा झाली नाही. त्या मृतांचे स्मरण करणे हे अजूनही आपल्याकडे राहिलेले काम आहे.

४. दुसऱ्यांच्या प्रार्थनेला जाताना

गेल्या काही वर्षांत मी मित्रांबरोबर वेगवेगळ्या ठिकाणी गेलो. एका मित्राच्या आजीच्या दहाव्याला कऱ्हेच्या काठी गेलो. पिंड ठेवले होते आणि सगळे कावळ्याची वाट पाहत होते. नंतर प्रवचन झाले. दुसऱ्या मित्राच्या वडिलांच्या दफनाला कब्रस्तानात गेलो. तिथे नमाजे जनाजा उभ्यानेच पढली जाते, हे मला तेव्हा कळले. एका मैत्रिणीच्या घरी जलदान विधीला गेलो. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. तिन्ही ठिकाणी शेवटी घरच्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली : ‘तुम्ही आलात, बरं वाटलं.’

माझ्या आईला थोडी काळजी वाटली. ‘जा, पण आपलं विसरू नकोस,’ ती म्हणाली. तिचे म्हणणे रास्त आहे. याबाबत ख्रिस्तसभेने दिलेला मार्ग असा आहे. १९६५ साली परिषदेने इतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात सांगितले की त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसी येथे अनेक धर्मांच्या प्रमुखांना शांतीच्या प्रार्थनेसाठी बोलावले. तिथे सर्व जण एकत्र जमले, पण प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना केली. कोणी कोणाचा विधी उचलला नाही आणि कोणी कोणाला कमी लेखले नाही.

यावरून आपल्यासाठी काही साध्या गोष्टी ठरवता येतील.

अ) वेळेवर जावे, साधे कपडे घालावेत, मोबाइल बंद ठेवावा. शोकाचे फोटो काढू नयेत, व्हिडिओ पुढे पाठवू नयेत.

आ) सगळे उभे राहिले की उभे राहावे, बसले की बसावे. जो विधी आपल्या श्रद्धेचा नाही तो करू नये. त्या वेळी मनातल्या मनात प्रभूजवळ त्या मृतासाठी आणि घरच्यांसाठी प्रार्थना करावी.

इ) काही कळले नाही तर नंतर विचारावे. हसू नये, तुलना करू नये.

ई) घरच्यांनी जेवायला थांबवले तर थांबावे. काही शंका असल्यास आपल्या फादरांशी बोलावे.

५. आपल्या मिस्साला कोणी आले तर

आपल्याकडे सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मिस्सा असते. तेव्हा शेजारी, कामावरचे लोक, शिक्षक येतात. बहुतेक जण मागच्या बाकांवर अवघडून बसतात. केव्हा उठायचे, केव्हा गुडघे टेकायचे, त्यांना ठाऊक नसते. अशा वेळी आपल्यातल्या कोणीतरी त्यांच्या शेजारी बसावे. पवित्र ख्रिस्तशरीर हे आपल्या श्रद्धेचे पूर्ण ऐक्य दाखवते, म्हणून ते कॅथलिकांनाच दिले जाते, ही गोष्ट आधीच हळू आवाजात समजावून सांगावी. रांगेतून कोणाला परत पाठवण्याची वेळ येऊ देऊ नये. मिस्सानंतर त्यांना कबरेपाशी नेऊन हवे तर फूल वाहू द्यावे. युवक मंडळाने ही जबाबदारी घेतली तर ती मोठी सेवा होईल.

६. स्मरणाची कृती

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांना आपल्या स्मरणार्थ काही करायला सांगितले. नुसते आठवत राहा, असे सांगितले नाही. ख्रिस्ती स्मरणाला हात-पाय असतात. बुडालेल्यांचे स्मरण करणारा माणूस होडीत बसताना जीवरक्षक जाकीट मागेल, लहान मुलांना आधी घालायला लावेल, होडीत जास्त माणसे भरू देणार नाही, वारा सुटला असेल तर उद्या जाऊ म्हणेल. पुलाची, रस्त्याची मागणी करणाऱ्या गावकऱ्यांबरोबर तो सही करील. आणि माणसे पांगल्यावर, तेराव्यानंतर, जेव्हा घर रिकामे होते, तेव्हा एकदा त्या घरी जाऊन येईल.

चिंतनासाठी प्रश्न

१) दुसऱ्याच्या दुःखाला कारण सांगण्याची सवय मला आहे काय?
२) माझ्या शेजारच्या इतर धर्मीय कुटुंबातील कोणत्या मृताचे नाव मी या महिन्यात प्रार्थनेत घेईन?
३) कोरोनाच्या काळात ज्यांच्या अंत्यविधीला मी जाऊ शकलो नाही, त्यांच्या घरी मी अजून जाऊ शकतो काय?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू लाजारच्या कबरेपाशी रडलास. पाण्यात, रस्त्यावर, रोगराईत ज्यांना अचानक मरण आले त्या सर्वांना तुझ्या हाती सोपवतो. त्यांच्या माणसांना धीर दे. आम्हांला त्यांच्याजवळ बसायला शिकव, आणि जे अपघात टाळता येतील ते टाळण्याची बुद्धी दे. आमेन.

– एक विद्यार्थी, बारामती