बरे वाटणे आणि बरे होणे

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपल्या भाषेत फार जुनी आहे. माणसाच्या कृतघ्नतेवर तिचा रोख आहे. परंतु काही रोगांच्या बाबतीत हे वर्तन केवळ कृतघ्नपणाचे राहत नाही, ते आत्मघातकी ठरते. ताप उतरला, भूक लागू लागली, अंगात थोडे बळ आले, की आता वैद्याची गरज उरली नाही असे रोग्याला वाटते. वस्तुतः वैद्याच्या देखरेखीची खरी गरज तेथून पुढेच असते. क्षयरोग हा अशा रोगांपैकी एक होय.

आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांत या रोगाला 'राजयक्ष्मा' म्हटले आहे. शरीर हळूहळू झिजवणारा हा रोग कशामुळे होतो, हे शतकानुशतके कोणालाच ठाऊक नव्हते. 24 मार्च 1882 रोजी जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे या रोगाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. शत्रू सापडला, पण त्याला मारणारे शस्त्र मात्र नव्हते. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1887 च्या फेब्रुवारीत, अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून परतलेल्या आनंदीबाई जोशी यांचा याच रोगाने अंत झाला. त्यांच्या वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या विद्येसाठी त्यांनी समुद्र ओलांडला, त्या विद्येजवळही त्या काळी या रोगावर औषध नव्हते.

ते औषध हाती येण्यास 1943 हे साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. ब्रिटनमधील डॉक्टरांनी हे औषध काही रुग्णांना देऊन त्याचे परिणाम 1948 मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या काही महिन्यांत रुग्णांची प्रकृती झपाट्याने सुधारली. परंतु पुढे त्यांपैकी कित्येकांची पुन्हा खालावली. असे का व्हावे? त्यांच्या बेडक्याची वरचेवर तपासणी होत होती, म्हणूनच याचे उत्तर मिळाले. उरलेल्या जंतूंवर त्या औषधाचा परिणाम होईनासा झाला होता. एकट्या औषधाने हा शत्रू हटत नाही, आणि रुग्णाच्या चेहऱ्यावर आलेली टवटवी हा रोगमुक्तीचा पुरावा नव्हे, असे दोन धडे जगाला त्या वेळी मिळाले.

हे नीट समजण्यासाठी या जंतूचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. इतर कित्येक जंतू अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. त्याच्या अंगावर मेणासारखे कवच असते. काही जंतू तर जणू निजून राहतात, आणि निजलेल्या जंतूवर औषधाचा घाव सहजी बसत नाही. म्हणून उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बहुसंख्य जंतू मरतात, खोकला कमी होतो, ताप जातो. पण थोडे चिवट जंतू मागे राहतात. वाशिम जिल्ह्यातील काळ्या जमिनीत राबणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. हरळी वरवर कापली की शेत स्वच्छ दिसते. परंतु तिच्या मुळ्या जमिनीत राहिल्या, तर पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा डोके वर काढते. शेत स्वच्छ दिसणे निराळे आणि स्वच्छ होणे निराळे. शहाणा शेतकरी नुसत्या नजरेवर विसंबत नाही. तो माती उकरून पाहतो. उपचार चालू असताना होणारी बेडक्याची तपासणी म्हणजे ही माती उकरून पाहण्यासारखीच आहे.

रिसोड तालुक्यातील एखाद्या शेतमजुराचे उदाहरण घ्यावे. पेरणीच्या दिवसांत, जून महिन्यात, त्याच्या फुप्फुसाचा क्षय उघडकीस आला आणि औषध सुरू झाले. पहिले दोन महिने त्याला आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायरॅझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल अशी चार औषधे एकत्र, रोज घ्यावी लागतात. दर महिन्याला त्याचे वजन पाहतात. कारण वजन वाढणे हे सुधारणेचे लक्षण आहे आणि गोळ्यांचे प्रमाणही वजनावरूनच ठरते. पोळ्याच्या सुमारास दोन महिने पुरे होतात. त्या वेळी बेडक्याची पहिली फेरतपासणी होते. नंतरचे चार महिने तीन औषधे चालू राहतात. डिसेंबरात, तुरीच्या शेंगा भरू लागतात तेव्हा, सहा महिने संपतात आणि शेवटची तपासणी होते. या दोन तपासण्यांच्या मध्ये ऑक्टोबरातील सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस येतात. माणूस धडधाकट दिसू लागलेला असतो, हाताला काम असते, आणि दवाखान्यात गेले तर दिवसाची मजुरी बुडते. औषध सोडण्याचा मोह याच वेळी सर्वांत प्रबळ असतो.

तपासणीची रीत साधी आहे. त्यासाठी तोंडातील लाळ उपयोगाची नाही. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. सकाळी उठल्याबरोबर, मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून तो डबीत घ्यावा आणि झाकण घट्ट लावावे. प्रयोगशाळेत त्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरतात. त्यावर प्रथम तांबडा रंग देतात व मग आम्ल ओततात. इतर सर्व पदार्थांचा तांबडा रंग आम्लाने निघून जातो. मेणाचे कवच असलेला क्षयाचा जंतू मात्र तो सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला, की सूक्ष्मदर्शकातून निळ्या पार्श्वभूमीवर बारीक तांबड्या काड्या दिसतात. तेच क्षयाचे जंतू. निदान शंभर ठिकाणी पाहूनही एकही काडी आढळली नाही, तरच तंत्रज्ञ 'जंतू नाहीत' असा निर्वाळा देतो.

दोन महिन्यांच्या अखेरीसही जंतू दिसले, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. कारण काचपट्टीवर मेलेला जंतू आणि जिवंत जंतू सारखेच दिसतात. परंतु दुर्लक्ष करण्यासही जागा नाही. अशा रुग्णाचा बेडका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि जंतूंनी औषधांना दाद न देण्याची शक्ती मिळवली आहे काय, हे तेथे पाहतात. जंतू जिवंत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी ते पोषक द्रव्यात वाढवून पाहावे लागतात. जंतू सावकाश वाढणारा असल्याने त्याला काही आठवडे लागतात. हल्ली जंतूचे जनुकीय द्रव्य काही तासांतच ओळखणारी यंत्रे आली आहेत. रोगाचे निदान करण्यास ती फार उपयुक्त आहेत. परंतु मेलेल्या जंतूंचे अत्यल्प अवशेषही ती टिपतात. म्हणून उपचाराची प्रगती मोजण्यास जुना सूक्ष्मदर्शक आजही कामी येतो. नवे आले म्हणून जुने टाकाऊ होत नाही, ते असे.

एके काळी क्षयरोग्याला घरापासून दूर आरोग्यधामात महिनोन्‌महिने राहावे लागे. ते गरिबाला कसे परवडावे? 1956 मध्ये मद्रास येथे एका संशोधन केंद्रात या प्रश्नाचा अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या साध्यासुध्या घरीच ठेवून तीच औषधे देण्यात आली. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखाच असल्याचे दिसून आले. भारतातील या कामामुळे जगातील असंख्य गरिबांना आपल्या माणसांत राहून बरे होण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र रुग्ण घरी राहू लागला, की डॉक्टरांची रोजची नजर त्याच्यावर राहत नाही. त्या नजरेचे काम मग गावातील आरोग्यसेवकाला आणि ठरलेल्या वेळच्या तपासणीला करावे लागते.

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. बहुतेक वस्ती खेड्यांची आणि पोट शेतीवर. हंगाम सरला, की काही कुटुंबे कामासाठी परजिल्ह्यांत जातात. अशा रुग्णाने जाण्यापूर्वी आरोग्य केंद्रात कळवले, तर नव्या ठिकाणी त्याला पुढचे औषध मिळू शकते व तपासणीही होते. औषध आणि तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य आहे. 2018 पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा 500 रुपये देण्याची योजना सुरू झाली. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1000 रुपये झाली आहे. गावातील आशा स्वयंसेविका औषधाची आठवण देते आणि तपासणीचा दिवस सांगते. तथापि लोक काय म्हणतील या भीतीने रुग्ण तिला दार उघडत नसेल, तर या साऱ्या सोयी दाराबाहेरच राहतात. म्हणून रोग्याला धीर देणे हेही शेजारधर्माचे काम आहे.

उपचार संपल्यावरही दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी लागते. कारण रोग उलटण्याचा संभव या काळात अधिक असतो. अर्ध्यावर औषध सोडणारा रुग्ण केवळ स्वतःचेच नुकसान करीत नाही. त्याच्या शरीरात औषधाला न जुमानणारे जंतू तयार होऊ शकतात, आणि त्याच्या खोकल्यातून ते त्याच्या मुलांच्या श्वासात जातात. त्या मुलांना पहिल्यापासूनच अधिक जड औषधे घेण्याची पाळी येते. उलट, जो शेवटची गोळी घेऊन शेवटच्या तपासणीला हजर राहतो, तो आपल्याबरोबर आपले घर आणि गावही राखतो. बरे वाटते की नाही, हे मनाला विचारावे. बरे झालो की नाही, हे मात्र काचपट्टीला विचारावे.

शब्दार्थ
रोख – उद्देश, निशाणा. निर्वाळा देणे – खात्रीने सांगणे. दाद न देणे – परिणाम होऊ न देणे. आरोग्यधाम – दीर्घ आजाराच्या रुग्णांना ठेवण्याचे ठिकाण. सोंगणी – उभे पीक कापण्याचे काम. रोग उलटणे – बरा झालेला रोग पुन्हा होणे.

स्वाध्याय
1. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण क्षयरोगाच्या बाबतीत घातक का ठरते?
2. लेखकाने हरळीचा दृष्टान्त कोणती गोष्ट पटवून देण्यासाठी योजला आहे?
3. काचपट्टीवरील तपासणीत क्षयाचा जंतू इतर पदार्थांपासून वेगळा कसा ओळखू येतो?
4. मद्रास येथील अभ्यासामुळे गरीब रुग्णांचा कोणता लाभ झाला? त्यामुळे तपासणीचे महत्त्व का वाढले?
5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : डोके वर काढणे, विसंबून राहणे, धीर देणे, मोह आवरणे.
6. तुमच्या गावातील आशा स्वयंसेविकेला भेटून तिच्या एका दिवसाच्या कामाविषयी दहा ओळी लिहा. कोणत्याही रुग्णाचे नाव लिहू नका.