हाडावरचं गणित

कॅल्क्युलेटरशिवाय आपलं पान हलत नाही. पण जगातल्या सर्वांत जुन्या हिशेबाच्या 'वह्यां'पैकी एक चक्क हाडाची आहे! काँगोतल्या इशांगो इथे १९५० साली बेल्जियमचे भूगर्भशास्त्रज्ञ जाँ द हाइन्झेलिन यांना ती सापडली. लांबी सुमारे १० सेंटिमीटर, वय अंदाजे २० हजार वर्षे, आणि अंगावर तीन रांगांत कोरलेल्या रेघा.

एका रांगेत ११, १३, १७, १९ रेघांचे गट आहेत. म्हणजे १० ते २० मधल्या सगळ्या मूळ संख्या, आपले प्राइम नंबर! दुसरीत ९, १९, २१, ११. दोन्ही रांगांची बेरीज ६०. हाइन्झेलिन यांना यात अंकांचा खेळ दिसला, तर अलेक्झांडर मार्शक यांना चंद्राचं कॅलेंडर.

पण जरा थांबा. मूळ संख्या ओळखायच्या तर भागाकार यायला हवा, आणि त्या काळी तो येत असल्याचा पुरावा नाही. चार आकडे जुळले म्हणजे नियम सापडला असं होत नाही. चार रीडिंगवर ग्राफ काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं! एक मात्र खरं. एका वस्तूमागे एक रेघ ओढत गेलं, की आकड्यांना नावं नसली तरी मोजता येतं. गणित सुरू होतं ते तिथूनच.