गळाला गोगलगाय लावताना

वर्षावास लागला की आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचनाला बाया जमतात आणि त्यांची पोरं तलावाच्या पाळीवर. पाठीमागच्या बाजूला मालगुजारी काळातला जुना तलाव आहे. पाऊस चांगला झाला की सांडव्याच्या तोंडाशी मांगूर, शिंगी, मरळ हमखास लागते. बांबूची काडी, नायलॉनची दोरी, दहा रुपयांचा गळ, एवढ्यावर रात्रीच्या भाजीची सोय होते. पोरांनी मासे मारू नयेत असं मी कधी म्हणत नाही. ज्या घरात महिन्यातून दोनदा मटण येत नाही, तिथे एक मरळ म्हणजे चार माणसांचं ताकदीचं जेवण आहे.

मागच्या श्रावणात मी पाळीवरून येत होते. सातवीतला एक पोरगा गळाला काहीतरी काळं, चपटं, चामड्यासारखं टोचत होता. मी विचारलं, "गांडूळ नाही का रे?" तो म्हणाला, "सिस्टर, आता सगळीकडे पाणी झालं, गांडोळ भेटत नाही. हे भिंतीवर लय असते. अन् पटकन तुटत नाही, मांगूर बराबर धरते."

ती बिनशंखाची गोगलगाय होती. पावसाळ्यात मोरीच्या कडेला, ओल्या लाकडाखाली, संडासाच्या भिंतीवर दिसते तीच. पोराचं म्हणणं मासे मारण्याच्या हिशेबाने खोटं नव्हतं. गोगलगायीची कातडी चिवट असते, ती गळावर टिकते, आणि चिखलात वास घेत फिरणारे मासे अशा मऊ, वासाच्या आमिषाला येतात. इंग्लंडमध्येही नदीतले चब नावाचे मासे धरायला लोक मोठ्या काळ्या गोगलगायी वापरतात. तेव्हा पोरगा काही अडाणीपणा करत नव्हता. फक्त एक गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती, आणि खरं सांगायचं तर नर्सिंगच्या तीन वर्षांत मलाही ती कोणी सांगितली नव्हती. नंतर वाचून कळली.

उंदीर आणि घुशींच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत एक बारीक जंत राहतो. अँजिओस्ट्राँगायलस कॅन्टोनेन्सिस असं त्याचं लांबलचक नाव; आपण उंदराचा फुप्फुसजंत म्हणू. चीनमधल्या कॅन्टन शहरातल्या उंदरांत तो सापडला आणि १९३५ साली त्याची नोंद झाली, म्हणून हे नाव. माणसाला तो झाल्याचं पहिल्यांदा तैवानमध्ये, १९४५ च्या सुमारास कळलं. आपल्याकडे मुंबईतल्या घुशींमध्येही संशोधकांना तो मिळालेला आहे, आणि केरळात त्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. त्याचा प्रवास असा: उंदराच्या लेंडीतून जंताची पिल्लं बाहेर पडतात. गोगलगाय लेंडी खाते, पिल्लं तिच्या मांसात वाढतात. ती गोगलगाय उंदराने खाल्ली की जंताचं चक्र पुरं होतं. उंदराऐवजी ती माणसाच्या पोटात गेली, तर जंत वाट चुकतो. आतड्यातून रक्तात, रक्तातून मेंदूकडे जातो आणि बहुधा तिथेच मरतो. पण मरता मरता मेंदूच्या आवरणाला सूज आणतो.

आता कोणी म्हणेल, गोगलगाय खातं कोण? पोरं खातात, पैज लावून. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात २०१० साली एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने मित्रांच्या मस्करीत गोगलगाय गिळली. तो ४२० दिवस कोमात होता. शुद्धीवर आला, पण हातापायांतली ताकद गेली ती गेलीच, आणि २०१८ साली तो वारला. इतकं टोकाचं क्वचितच होतं, बहुतेक रुग्ण बरे होतात. तरी पाळीवर बसलेल्या दहा पोरांत "गिळून दाखव, पाच रुपये देतो" म्हणणारा एक असतोच, म्हणून हे सांगितलं.

मोठ्या माणसांचं वेगळं. ते गिळत नाहीत, पण खर्रा घोटतात. मी स्वतः पाहिलं आहे: एका हाताने गोगलगाय गळाला टोचली, तिचा रस बोटांना लागला, बोटं लुंगीला पुसली आणि त्याच बोटांनी पन्नीतला खर्रा चोळून गालात ठेवला. दुसरा नायलॉनची दोरी दाताने तोडतो. तिसऱ्याने शिल्लक गोगलगायी पोराच्या शाळेच्या डब्यात झाकण लावून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी डबा नुसता विसळून त्यात पोळी-भाजी गेली. एकाने तर पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत पाण्यासकट ठेवल्या होत्या. बुडून मेलेल्या गोगलगायीतून पिल्लं पाण्यात उतरू शकतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

नीट लक्षात घ्या, गोगलगायीला नुसता हात लावल्याने हा रोग होत नाही. धोका आहे तो तोंडावाटे जाण्याचा. त्यातही मुख्य धोका तिच्या मांसाचा. वरच्या चिकट बुळबुळीतून जाण्याचा त्यापेक्षा बराच कमी. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग लागत नाही. आणि गोगलगायीवर धरलेला मासा नीट शिजवून खाल्ला तर त्यातून काही होत नाही, तेव्हा सुनेने घाबरून भाजी फेकू नये. मात्र तळ्यातले घोंघे, खेकडे, झिंगे जे खातात त्यांनी ते अर्धकच्चे किंवा नुसते विस्तवावर शेकून खाऊ नयेत. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर निदान पाच मिनिटं उकळावेत. जंताची पिल्लं त्यात मरतात. पालक, कोथिंबीर पावसाळ्यात पान-पान उलटून धुवावी, पानाला चिकटलेली नखाएवढी गोगलगाय डोळ्याला दिसत नाही.

पाळीवर काय करायचं, तर फार नाही. आमिषासाठी एक वेगळी पत्र्याची डबी ठेवा आणि तिच्यावर रंगाने फुली मारा, म्हणजे ती स्वयंपाकघरात जाणार नाही. गोगलगाय बोटाने न धरता बांबूच्या चिमट्याने धरा, नाहीतर हातात प्लास्टिकची पिशवी घाला. सोबत साबणाचा तुकडा आणि घरचं पाणी न्या. खर्रा, बिडी, बिस्कीट जे काय असेल ते हात धुतल्यावर. (खर्रा सुटला तर सगळ्यात उत्तम, पण त्यावर या पानात मी आधी भांडून झाले आहे.) गोगलगायीवर मीठ टाकून तिला "साफ" करायची सवय सोडा, त्याने बुळबुळ उलट वाढते. आणि ज्या मळ्यात गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्या टाकल्या असतील, तिथून आमिष गोळा करू नका. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनचं नुकसान केलं, तेव्हापासून या गोळ्या बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत झाल्या आहेत. त्या लहान पोरांच्या हाती लागल्या तर जिवावर बेततं. पोराने तोंडात घातल्याचा नुसता संशय असला तरी गोळ्यांचं पाकीट घेऊन थेट दवाखाना गाठा.

एवढं करूनही गोगलगाय किंवा तिचा तुकडा तोंडात गेला असेल, तर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. त्रास बहुधा एक ते तीन आठवड्यांत सुरू होतो, कधी त्याहून उशिरा. डोकं असं दुखतं की पोरगा भिंतीला डोकं लावून बसतो. मान आखडते, उलट्या होतात. कातडीला मुंग्या येतात किंवा नुसता कपडा लागला तरी आग होते. ताप बरेचदा बारीकच असतो, म्हणून घरचे म्हणतात, "शाळा बुडवायची नाटकं." मेडिकलमधून जंताची गोळी आणून देऊ नका. जंत डोक्यात एकदम मेले तर सूज वाढू शकते, ते औषध द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या दिसू शकतात, पण त्या पोटातल्या साध्या जंतांनी आणि ॲलर्जीनेही वाढतात. खरं कळतं ते पाठीतलं पाणी तपासून. आणि इथे आपली माणसं सही करायला नकार देतात. पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा होतो, असं आपल्या वस्त्यांत पक्कं बसलं आहे. बायांनो, मी कितीदा तरी त्या वेळी रुग्णाला कुशीवर धरून उभी राहिले आहे. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली ती सुई जाते. या आजारात तर पाणी काढल्याने डोक्यातला दाब उतरून दुखणं हलकं होतं.

पण डॉक्टरांच्या मनात हा आजार येणार कसा? आपण सांगितलं तरच. इथे मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. आजार वेगळा होता, पण मुळाशी उंदीरच. मी नोकरीत होते तेव्हा चौदा वर्षांचा एक मुलगा तापाने भरती झाला. डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत की चादर लागू देईना. डॉक्टरांनी आईला विचारलं, कुठे पाण्यात गेला होता का, काही वेगळं खाल्लं का? आई म्हणाली, नाही. दोन दिवस मलेरिया, टायफॉईड असं शोधणं चाललं. रात्रपाळीत मला त्याच्या बोटाला गळ टोचल्याची जुनी जखम दिसली. आई चहाला गेली तेव्हा हळूच विचारलं, तर म्हणाला, "आठ दिवस नाल्यात मासे मारत होतो." मी डॉक्टरांना सांगितलं, तपासणी झाली, लेप्टो निघाला. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, हातापायांवरच्या जखमांवाटे हा रोग शिरतो. औषध बदललं आणि पोरगा चालत घरी गेला.

नंतर मी त्या माऊलीवर चिडले. तुम्ही का नाही सांगितलं? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मागं एका दवाखान्यात सांगितलं होतं ना बाई, पोरानं नाल्यातले खेकडे खाल्ले म्हणून. तिथला माणूस म्हणाला, तुम्ही लोकं काय काय खाता. सगळे हासले. मग मी म्हटलं, आता नाही सांगायचं." माझा राग तिथेच जिरला. लाज तिने कुठून विकत आणली नव्हती, तिला दिली गेली होती. पण त्या लाजेपायी तिच्या पोराचे दोन दिवस गेले, आणि लेप्टोमध्ये दोन दिवसांत मूत्रपिंड जाऊ शकतं.

म्हणून मी आता विहारातल्या आयांकडून वाक्य पाठ करून घेते. केसपेपर निघाला की कोणी विचारायच्या आधीच म्हणायचं: "पोरगा अमुक दिवसापासून तलावात मासे मारतो, गळाला गोगलगाय लावतो, हाताला जखम आहे, आणि आम्ही घरी हे हे खातो." कोणी हसलं तर हसू द्या. "केसपेपरवर लिहा" असंही म्हणा, आणि लिहीपर्यंत खिडकीपासून हलू नका. लिहिलेलं पुढच्या पाळीचा डॉक्टरही वाचतो.

तो सातवीतला पोरगा परवा भेटला. फुली मारलेली डबी त्याने केली आहे, आईने जुनी सांडशी दिली आहे. बोटाला मात्र चिंधी होती, शिंगीचा काटा लागला होता. त्या काट्यात विष असतं, ठणका भयंकर लागतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा, दुसरा हात आधी घालून पाहायचा म्हणजे भाजत नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का ते बघायचं. त्याचं झालं नव्हतं. तसंच हात धरून त्याला उपकेंद्रात नेलं.