आधी झिजणारं, मग मिरवणारं

लांब पल्ल्यासाठी घेतलेल्या मोटारसायकलवर खर्च करायची हौस लगेच येते. तो खर्च कशावर व्हायला हवा, हे कळायला मात्र वेळ लागतो. नवी गाडी दारात उभी राहिली की क्रॅश गार्ड, फॉग लाइट, उंच विंडशील्ड, टॉप बॉक्स, मोबाइल होल्डर अशी यादी तयार होते. टायर, ब्रेक ऑइल, चेन आणि मागचा शॉकअप यांचं नाव त्या यादीत नसतं. ते गाडीबरोबर आलेलेच असतात, म्हणून ते आहेत तसेच राहतील असं आपण गृहीत धरतो. माझा आग्रह हा क्रम उलटा करण्याचा आहे. जे झिजतं त्यावर आधी खर्च करा, जे जोडायचं त्यावर नंतर. आणि जोडलेली प्रत्येक वस्तू त्या झिजणाऱ्या भागांवरच भार टाकणार आहे, हे ध्यानात ठेवून जोडा.

या जातीच्या गाड्यांचा जन्मच तडजोडीतून झाला. वेगाने जायचं, पण दिवसभर जायचं. 1976 साली बीएमडब्ल्यूने आर 100 आरएस आणली, तेव्हा तिच्या पुढच्या आवरणाचा आकार विंड टनेलमध्ये घडवलेला होता. चालवणाऱ्याच्या अंगावरचा वारा कमी करायचा आणि त्याच वेळी वेगात पुढचं चाक हलकं होऊ द्यायचं नाही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे 2003 च्या करिझ्माने या हौसेला सुरुवात करून दिली आणि 2016 च्या अखेरीस चाकणच्या कारखान्यातून डोमिनार 400 आली. आता लिटरच्या चार सिलिंडरवाल्या गाड्याही रस्त्यावर दिसतात. पण महाराष्ट्रात एक गंमत आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्ग, म्हणजे जिथे या गाड्या ताणता आल्या असत्या, तिथे दुचाकीला बंदी आहे. आपल्या वाट्याला जुना हायवे येतो, मुंबई-गोवा रस्ता येतो आणि ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली, आंबोली हे घाट येतात. आपली गाडी वेगापेक्षा उतारावर, वळणावर आणि पावसात जास्त पारखली जाते. म्हणून टॉप स्पीडच्या गप्पा मला फारशा कामाच्या वाटत नाहीत.

उतारापासूनच सुरुवात करू. गाडी 190 किलो, चालवणारा 80, सामान 30, म्हणजे एकूण 300 किलो. एवढं वजन 600 मीटर खाली उतरवायचं, आंबोलीहून सावंतवाडीकडे जाताना साधारण तेवढं उतरावं लागतं, तर जी ऊर्जा जिरवावी लागते ती ताशी 80 च्या वेगातून गाडी पूर्ण थांबवण्यापेक्षा सुमारे 24 पट भरते. त्यातला काही वाटा हवेचा विरोध घेतो, इंजिनाला घेऊ दिला तर तेही बराच घेतं, आणि उरलेली सगळी उष्णता डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. तेच ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि पुरतं ओलावलं की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत घसरते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. मग लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी मात्र चालतच राहते. कोकणातल्या दमट हवेत तीन-चार वर्षं न बदललेलं ऑइल घेऊन भरल्या गाडीने घाट उतरणाऱ्याने क्रॅश गार्डवर कितीही खर्च केलेला असो, या प्रसंगी त्याचा काही उपयोग नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला लागणारा खर्च फॉग लाइटच्या एका जोडीपेक्षा कितीतरी कमी असतो. आणि उतारावर वरचा गिअर टाकून सतत ब्रेकवर बोट ठेवण्यापेक्षा ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावं, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम दुचाकीलाही तितकाच लागू आहे.

टायरची गोष्ट थोडी फसवी आहे. हायवेवर सरळ धावणारी गाडी टायर मधोमध झिजवते, कडा तशाच राहतात आणि गोल असलेला टायर हळूहळू सपाट होतो. सरळ रस्त्यावर हे कळत नाही. घाटातल्या पहिल्या वळणात मात्र गाडी आधी कलायला तयार नसते आणि मग एकदम कोसळल्यासारखी कलते. चालवणाऱ्याला वाटतं हँडल बिघडलं, नाहीतर आपलाच हात बिघडला. टायरवर अजून नक्षी दिसते म्हणून तो चांगला, हा समज म्हणूनच सोडून द्यावा. नक्षीच्या खाचांत झिजेची मर्यादा दाखवणारे उंचवटे असतात, त्यांच्याकडे पाहावं आणि टायरचा आकार मागून उकिडवं बसून पाहावा. बाजूवरच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षात बनला हेही छापलेलं असतं. 150/60-17 मापाच्या मागच्या टायरवर 66 एच लिहिलेलं असेल, तर तो 300 किलो पेलू शकतो आणि ताशी 210 किलोमीटरपर्यंत टिकतो असा त्याचा अर्थ. पण हे सगळं हवा नीट असेल तरच. एकट्याने जायची हवा वेगळी, डबलसीट आणि सामानासह वेगळी. दोन्ही आकडे गाडीवरच्या स्टिकरवर असतात आणि ते थंड टायरसाठी असतात. पन्नास किलोमीटर तापलेल्या टायरची हवा पंपावर तपासून ती जास्त आहे म्हणून सोडून देणारे भरपूर भेटतात.

आता जोडण्याकडे वळू. सामान किती यापेक्षा ते कुठे ठेवलं हे महत्त्वाचं. गाडी आणि माणूस मिळून जो गुरुत्वमध्य होतो तो साधारण चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या आसपास असतो. दहा किलोची बॅग टाकीवर, त्या मध्यापासून 30 सेंटिमीटरवर ठेवली आणि तीच मागच्या टॉप बॉक्समध्ये एक मीटरवर ठेवली, तर गाडी डावी-उजवीकडे वळवताना होणारा तिचा विरोध जवळपास अकरा पट वाढतो, कारण इथे अंतराचा वर्ग मोजला जातो. वेगात शेपूट डुलायला लागतं ते यामुळे. म्हणून जड वस्तू पुढे आणि खाली, टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि टॉवेल. सॅडल बॅगा लावताना अडतो म्हणून साडीगार्ड काढून टाकायची पद्धत पडली आहे. मागे बसणाऱ्या बाईच्या ओढणीचं काय होतं, याचा विचार काढणारा बहुतेक करत नाही.

सामान ठेवल्यावर मागचा शॉकअप दबतो. गाडीचं शेपूट बसतं, पुढचं चाक हलकं होतं, वळण सुस्त होतं आणि हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो. मग माणूस म्हणतो, कंपनीचा लाइट कमजोर आहे, फॉग लाइट बसवा. खरं तर शॉकअपचा प्रीलोड दोन खाचा वाढवून हेडलाइटचा स्क्रू थोडा फिरवला असता तर काम झालं असतं, तेही बिनपैशात. या खेळात बहुतेक खरेदी अशी, एक न केलेली जुळवणी झाकण्यासाठी होते.

यावर रास्त आक्षेप आहे. कंपनी गाडी सरासरी माणसासाठी आणि ठरावीक किमतीत बनवते. कारखान्यातली सीट दोन तासांत टोचते, विंडशील्ड बुटकी असते, टायर स्वस्तातला असतो. हे खरं आहे, आणि अवघडलेलं शरीर हाही रस्त्यावरचा धोकाच आहे. सीट, हँडलची उंची, लिव्हरचा कोन या बदलांच्या मी विरोधात नाही. चांगले टायर तर झिजणाऱ्यांतच मोडतात. पण हे बदल दोन-चार लांब फेऱ्या मूळ गाडीवर झाल्यावर करावेत, म्हणजे नेमकं काय टोचतं हे शरीर सांगतं. उंच विंडशील्ड छातीवरचा वारा अडवते आणि तोच वारा घुसळून हेल्मेटवर आणून आदळते, असंही पुष्कळदा होतं, आणि उंची बदलली की उत्तर बदलतं. दुसऱ्याच्या गाडीवर छान वाटलेली वस्तू म्हणून आपल्याला लागू पडेलच असं नाही. लाइट खरंच हवा असेल तर तो मूळ वायर सोलून जोडू नये. 60 वॅटची जोडी 12 व्होल्टवर 5 अँपिअर ओढते. तिला बॅटरीपासून स्वतंत्र वायर, फ्यूज आणि रिले हवा. नाहीतर भर पावसात कशेडीच्या वळणावर लाइटसोबत इंजिनही बंद पडू शकतं. सायलेन्सरबद्दल फार बोलत नाही. मूळ रचनेत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय सहा तास कानाशी चाललेली फायरिंग आधी दमवते ती चालवणाऱ्यालाच.

दुसरा आक्षेप सर्व्हिसिंगचा. शोरूममध्ये वेळेवर गाडी देतो, मग हे सगळं आपण कशाला पाहायचं? कारण सर्व्हिसचं वेळापत्रक किलोमीटर मोजतं, बोजा आणि चिखल मोजत नाही. तेच पाच हजार किलोमीटर एकट्याने पुण्यातल्या पुण्यात केले काय आणि डबलसीट, सामानासह, जांभ्याच्या धुळीत आणि खाऱ्या हवेत केले काय, पुस्तकात दोन्ही सारखेच. मेकॅनिक चांगला असला तरी त्याने गाडी सामानासह पाहिलेली नसते. सामान लादून गाडी बसली की चेनचा ताण बदलतो. रिकाम्या गाडीवर कडक ताणलेली चेन मग गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढत राहते. हे तपासायला टॉर्क रेंच लागत नाही, बोट आणि पट्टी पुरते.

चालवण्याचा हिशेबही याच तत्त्वाचा. शंभर किलोमीटरचं अंतर 80 ऐवजी 100 ने कापलं तर फार तर पंधरा मिनिटं वाचतात, तीही रस्ता रिकामा असेल तर. कोरड्या रस्त्यावर, एका सेकंदात भान येऊन बऱ्यापैकी ब्रेक लागला, तर 80 वरून थांबायला सुमारे 57 मीटर लागतात, 100 वरून 83. वळणापलीकडे दिसणारं अंतर याहून कमी असेल, तर पुढे दगड आहे की म्हैस, हे नशिबावर सोडलेलं असतं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, शेवाळलेल्या डांबराला पकड देत नाही. पावसात पांढरे पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे आणि पेट्रोल पंपाजवळचे डिझेलचे डाग गाडी सरळ उभी ठेवूनच ओलांडावेत.

कोकणातून परत आल्यावर गाडी झाकून ठेवू नये. त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने मीठ-चिखल उतरवावा, प्रेशरचा फवारा बेअरिंग आणि चेनपासून लांब ठेवावा. चेन रॉकेलने किंवा चेन क्लीनरने मऊ ब्रशने पुसावी. पेट्रोल वापरू नये, ते आतल्या ओ-रिंगचं रबर खातं. मग वंगण लावावं, आणि हे करताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. गिअर टाकून चालत्या चेनवर फडकं धरल्याने बोटं गमावलेली माणसं बहुतेक जुन्या गॅरेजवाल्यांना ठाऊक असतात.