कौल कुणाला मागायचा?

आजचं चिंतन : गीता, अध्याय १८, श्लोक ६३



माझ्या मावसबहिणीला पुण्यात नोकरी लागतेय. इकडे गोंदियात मावशी एकटी. शुक्रवारपर्यंत कंपनीला कळवायचंय. नातेवाईक म्हणतात, आधी महाराजांना विचार, ते म्हणतील तसं कर. तिचा मेसेज आला, "दादा, महाराजांकडे नको वाटतं. रामशलाका बघू का?"

आपल्याकडे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हाकेच्या अंतरावर, म्हणून मराठी घरातही तुलसीदासांचं रामचरितमानस सापडतं. गीता प्रेसच्या प्रतीत रामशलाका प्रश्नावली असते. १५ बाय १५, एकूण २२५ घरं. रामाचं नाव घेऊन एका घरावर बोट ठेवायचं आणि तिथून दर नववं अक्षर लिहीत जायचं. चौपाई तयार होते, तेच उत्तर. कोडिंग करणाऱ्याला लगेच दिसतं की २२५ भागिले ९, म्हणजे २५ अक्षरांच्या ९ साखळ्या. प्रश्न कुठलाही असो, उत्तरं नऊच. त्यातली निम्म्याहून जास्त अनुकूल.

तरी तिला महाराजांपेक्षा ती जवळची का वाटली? कारण मध्ये कुणी नाही. ही ओढ आपल्या मातीत जुनी आहे. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर आहे. दलितांना आत जाता यावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क तर सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली संपले. दारावरच्या माणसाला प्रश्न विचारला म्हणजे श्रद्धा कमी झाली, असं नसतं.

पण एक गंमत बघा. प्रश्नावली दक्षिणा मागत नाही, रागावत नाही. तरी निर्णयच तिच्यावर सोपवला, तर आपण फक्त महाराज बदलले. आणि हे कागदाचे महाराज मनासारखं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारू देतात!

आता आजचा श्लोक. दुसऱ्या अध्यायात अर्जुन म्हणाला होता, मी तुझा शिष्य, माझ्या भल्याचं काय ते नक्की सांग. सगळं सांगून झाल्यावर भगवंत हुकूम सोडू शकले असते. ते म्हणतात, हे गूढ ज्ञान तुला सांगितलं, आता काहीही शिल्लक न ठेवता यावर विचार कर आणि मग तुला हवं तसं कर.

कुणी म्हणेल, पुढे ६६व्या श्लोकात "मला शरण ये" आहेच की. आहे. पण ते शरण जाणं देवाला आहे, मधल्या माणसाला नाही. आणि विचार करायला सांगून झाल्यावरचं आहे.

"काहीही शिल्लक न ठेवता" यावर मी अडकलो. बहिणीला विचारलं, "रात्री मावशीजवळ कोण असेल? महिन्यातले काही दिवस घरून काम जमेल का? आणि मावशीचं स्वतःचं म्हणणं काय?" ती गप्प झाली. महाराजांना विचारायचं ठरलं होतं, रामशलाकेला विचारायचं ठरलं होतं. मावशीला कुणीच विचारलं नव्हतं.

प्रश्नावली जरूर उघडा, मन शांत होतं. पण आधी वही उघडा.

आजची साधना : अडलेला एक निर्णय लिहा. ज्याला अजून विचारलंच नाही, अशा माणसाचं नाव त्याखाली लिहा. आजच त्याला फोन करा.

राम कृष्ण हरी 🙏