खाडीच्या पाण्यावर नजर



उल्हास नदीचे पाणी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडीकाठी तिवरांची दलदल आहे आणि तिच्यातून लहानमोठे ओहोळ आत येतात. समुद्र दिवसातून दोनदा याच वाटेने येतो व परत जातो. चिंबोरी, कोळंबी, निवटी यांचे जीवन त्या येण्याजाण्यावर चालते. पावसाळ्यात गावातले पाणीही येथूनच बाहेर पडते. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, तेव्हा या वाटेचे मोल आपण सर्वांनी अनुभवले.

त्याच वर्षी, १७ सप्टेंबर रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड बेकायदेशीर ठरवली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली. परंतु तिवर मारायला कुऱ्हाडच लागते असे नाही. ओहोळाच्या तोंडाशी भराव पडला, मोरी बुजली, की भरतीचे पाणी अडते आणि झाडे उभ्या उभ्या सुकतात. चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळे राड्यारोड्याखाली गाडली गेली, तरी तेच होते. म्हणून झाडांच्या आधी पाण्यावर नजर हवी.

त्याची रीत सोपी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे दुपारी बारा-एकच्या सुमारास भरती भरते. तेव्हा दोघांनी मिळून ठरलेल्या मोरीवर जावे. चिखलात उतरू नये. मोरीच्या भिंतीचे किती थर बुडाले ते मोजावे. सुमारे सहा तासांनी, ओहोटीला, पाणी नीट उतरले की साचून राहिले ते पाहावे. पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे, नवा भराव यांची तारखेसह वहीत नोंद करावी आणि दर वेळी त्याच जागेवरून फोटो काढावा. अष्टमीच्या भांगाला पाणी कमीच चढते. त्या मापाने घाबरू नये. उधाणाचे पाणीही कमी येऊ लागले, तर वही घेऊन तहसीलदार कार्यालयात व वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करावी.

आता थोडे आपल्या घरचे. दुरुस्तीचा राडारोडा टेम्पोत भरून देताना, तो कुठे टाकणार, हे आपण विचारतो का? आम्हीही आजवर विचारले नव्हते. इथून पुढे विचारू.

येत्या पौर्णिमेपासून आम्ही वही सुरू करत आहोत. ज्यांना सोबत यायचे आहे, त्यांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावे.